नमुन्याचं बिस्कीट

कारखान्याच्या फाटकाशी दरवानानं काठी आडवी धरली आणि काठीच्याच टोकानं खाली दाखवलं. "जीभराव, एक चप्पल घरी विसरलात की काय?" त्यानं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायात नव्हती. डावा पाय उघडा, घोट्यापर्यंत धुळीनं माखलेला, आणि तळव्याच्या कडेला डांबरासारखं काहीतरी काळं चिकटलेलं. दुसऱ्याच कुणाचा पाय रस्त्यात भेटावा आणि गप्पा मारत फाटकापर्यंत सोबत यावा, तसा तो पाय तिथं उभा होता. तो हसला. दरवानही हसला. "पट्टा तुटला," तो म्हणाला. "तुटला तर तुटला, हातात तरी घेऊन यायची," दरवान म्हणाला. पट्टा तुटला की नाही हे त्याला माहीत नव्हतं. चप्पल कधी गेली हे माहीत नव्हतं, कुठं गेली हेही नाही. बसमधून उतरताना दांडी धरून आधी डावा पाय खाली टाकला होता, एवढं आठवत होतं. तेव्हा होती का? मग टपऱ्यांची रांग, मग नाल्यावरचा पूल, मग रस्ता खणून ठेवलाय तो खडीचा पट्टा. उजव्या पायाला खडी आठवत होती, तिचं एकेक टोक आठवत होतं. डाव्या पायाला विचारावं तर तिकडं नुसती शांतता. फोन उचलला जावा आणि पलीकडे श्वाससुद्धा ऐकू येऊ नये, तशी.

भट्टीमागच्या नळाखाली त्यानं पाय धरला. काळं होतं ते डांबर नव्हतं, वाळलेलं रक्त होतं, आणि त्याच्या मधोमध एक बारीक चूक, चांभार चपलेला ठोकतात तसली खिळ्यासारखी, डोक्यापर्यंत आत बसलेली. नखानं ती उपसताना त्यानं आधीच दात आवळून धरले. चूक निघाली. दात तसेच आवळलेले राहिले, कारण दुखलंच नाही. कापडातून सुई ओढावी इतकी सहज ती बाहेर आली, आणि मागून रक्त आलं, तेही सावकाश, बोलावल्याशिवाय यायचं नाही म्हणून थांबल्यासारखं. जन्मभर त्यानं दुखण्याला शिव्या दिल्या होत्या. दाढेला दिल्या, कमरेला दिल्या, थंडीत ठणकणाऱ्या गुडघ्याला दिल्या. आता नळापाशी एका पायावर उभा राहून तो दुखण्याची वाट बघत होता. ये रे, तो मनात म्हणत होता, थोडं तरी ये. मागच्या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पलंगावर झोपवून तळव्याला कसलासा बारीक तारेचा तुकडा टेकवला होता. "कळलं की हो म्हणा." त्यानं मान जरा वर उचलून त्यांच्या कोपराकडे बघितलं होतं आणि कोपर हललं की "हो" म्हटलं होतं. परीक्षेत नापास व्हायची सवय नव्हती त्याला. बाई खूश झाल्या होत्या. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खाली आला होता, त्याच्याभोवती त्यांनी पेनानं गोल काढला आणि म्हणाल्या, "शाब्बास. नुसत्या खाण्यावर एवढं आणलंत. असे पेशंट असले की आम्हालाही हुरूप येतो." मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की एखाद्याच्या पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाला, तर आता आकडा खाली आल्यावर तो परत नीट होतो ना. बाईंनी गोल काढायचं थांबवलं. "जे गेलं ते बहुतेक गेलं. आपण पुढचं वाचवायचं." आणि हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की बाहेर बाकावर येऊन बसेपर्यंत त्याला ते कळलंच नव्हतं. बाकासमोरच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. त्यावर आईबाप आणि दोन पोरं काकडीची चकती तोंडात धरून हसत होती. आहार बदला, आयुष्य बदला. काकडी खाऊन एवढं हसणारं माणूस त्यानं आजवर पाहिलेलं नव्हतं. ज्यानं तो तक्ता काढला त्याला बिस्किटाच्या भट्टीसमोर बसवायला पाहिजे होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि मग विचारायला पाहिजे होतं, हं, आता हस.

कारण त्याचं कामच ते होतं. तो खायचा, म्हणून त्याला पगार मिळायचा. कारखाना जुन्या चालीचा. साखर कधी ओलसर यायची कधी कोरडी, पीठ कधी जुनं कधी नवं, म्हणून साखरेचा शेवटचा हात किती घालायचा हे यंत्र ठरवत नसे, जीभ ठरवायची. प्रत्येक घाण्यातलं एक बिस्कीट पट्ट्यावरून उचलायचं, कानाशी मोडायचं, कट्कन आवाज आला पाहिजे, मग जिभेच्या मधोमध ठेवून तोंड मिटायचं आणि थांबायचं. पिठवाला समोर हात पुसत उभा. सगळा कारखाना जणू त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत. मग त्यानं दोनातला एक शब्द बोलायचा. 'बरोबर' किंवा 'नाही'. या दोन शब्दांवर त्याचं घर चाललं, मुलीचं लग्न झालं, कारखान्याच्या मागच्या वस्तीतली कारखान्याचीच दोन खोल्यांची जागा मिळाली. जागा मग वस्तीसकट दूर हलली, म्हणून आता बस. लोक त्याला जीभराव म्हणत. त्याला ते आवडायचं. बाकी अंगात म्हणावं असं काही नव्हतंच. उंची बेताची, शिक्षण बेताचं, चेहरा गर्दीत हरवेल असा. देवानं एकच अवयव मन लावून केला होता आणि नेमका तो तोंडात लपवून ठेवला होता.

हे काम त्याला म्हाताऱ्यानं शिकवलं. म्हातारा म्हणजे त्याच्या आधीची जीभ. दात नव्हते, आवाज घोगरा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपलं तोंड धुवावं. पहिल्याच दिवशी यानं बिस्कीट चावून बशीत थुंकलं, तसा म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला होता. "थुंकतोस काय रे शहाण्या? चव जिभेवर येते आणि घशात कळते. गिळलं नाहीस तर अर्धंच कळलं." मग एक पत्र्याचा डबा काढला. त्यात नमुना असायचा. ज्या चवीवर कारखान्याचं नाव झालं त्या चवीचं, दर आठवड्याला जुन्या मापानं वेगळं हातानं करून झाकून ठेवलेलं बिस्कीट. सकाळी आल्याबरोबर, काही पोटात जायच्या आत, आधी नमुना खायचा. मग घाणे बघायचे. "जिभेला रोज सांगावं लागतं," म्हातारा म्हणायचा, "की बाई, तू कोण. नाहीतर ती नवऱ्याचं घर विसरते." त्या म्हाताऱ्याच्या एका पायात नेहमी मोठ्या मापाचा बूट असायचा, पुढून कापलेला, आत फडकं कोंबलेलं. तरुणपणी याला त्याचं हसू यायचं. म्हातारपणी माणूस विचित्र होतो, दोन पायांत दोन बूट घालतो, असं त्यानं बायकोला सांगितलंही होतं, नवीन लग्न होतं, ती खूप हसली होती. मग एकदा म्हातारा आलाच नाही, आणि कुणी म्हणालं पाय कापला, कुणी म्हणालं आधी बोट मग पाय, आणि म्हाताऱ्याच्या खुर्चीवर हा बसला. खुर्ची गरम होती. भट्टीमुळे. पण तेव्हा आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच्या एकदाही मनात आलं नाही की हा बूट खुर्चीच्या पायाशीच ठेवलेला आहे, आणि तो त्याच्याच मापाचा आहे.

पायाला रुमाल बांधून तो जागेवर जाऊन बसला. पट्टा सुरू झाला नव्हता. पिठवाला लांबून त्याच्याकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. हा रुमाल, तो रुमालाकडे बघत मनात म्हणाला, बायकोनं बघितला तर. बायको. तिनं ह्या रोगाला घरात घेतलं ते सवत घरात यावी तसं, आणि मग सवतीशी भांडावं तशी ती त्याच्याशी भांडत होती, पदर खोचून. आकडा पहिल्यांदा कळला त्या दिवशी तिनं फळीवरचा साखरेचा डबा खाली काढला, साखर शेजारणीला देऊन टाकली, डबा घासला, पुसला आणि होता तिथंच रिकामा ठेवला. भात गेला. बटाटा गेला. पाव गेला. एक छोटा तराजू आला, पोस्टात असतो तसा, आणि त्यावर त्याचं जेवण तोलून ताटात पडू लागलं. कोबी, काकडी, उकडलेली अंडी, मोड आलेले मूग, पुन्हा कोबी. "तू तुझं नीट जेव," तो म्हणायचा. "तुम्ही कोबी खाणार आणि मी तुमच्यासमोर भात कालवू? माझ्या घशाखाली उतरेल का?" आणि तीही तेच खायची, तोलून. तो आकड्यानं खाली आला आणि ती अंगानं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मुलगी फोनवर म्हणाली, आई, आजारी बाबा आहेत की तू? त्याला तिचा राग यायचा. इतकं कुणी कुणासाठी करू नये, केलं तर निदान दाखवू नये. आणि ती दाखवत नव्हतीच, हाच तर घोळ होता. भांडायलाही जागा नाही. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या शर्टाचा वास घेतात तो बाहेरच्या बाईसाठी. ही रोज संध्याकाळी दारातच त्याचा शर्ट उतरवून घ्यायची आणि नाकाला लावायची. साखर, लोणी, भट्टी. वास रोजच यायचा. त्या वासावरून काहीच सिद्ध होत नव्हतं, आणि काहीच सिद्ध होत नाही म्हणून ती रोज घ्यायची.

थोरल्या भावाकडे ते एकदा गेले होते. भाऊ त्याच्याहून सात वर्षांनी मोठा. ताटात गोड वाढलं की बोटं चाटूनपुसून खाणार, वर दुसऱ्याच्या ताटातलं विचारणार, आणि तपासलं की सगळं रक्त शिपायासारखं सरळ उभं. "तुझं नशीब रे," भाऊ ढेकर देत म्हणाला, "मी आईवर गेलो, तू बापावर गेलास." जसं काही दोघांना बोलावून विचारलं होतं, कुणावर जायचं ते सांगा. त्या दिवशी परत येताना बस घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "कामावर किती जातात हो पोटात? खरं सांगा." त्यानं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "थुंकता येणार नाही?" "घशाशिवाय कळत नाही." "मग एक तरी कमी करा. एक. माझ्यासाठी." तिनं आयुष्यात त्याच्याकडे एवढंच काहीतरी मागितलं होतं, साडी नाही, दागिना नाही, एक बिस्कीट. घाण्याचं बिस्कीट टाळणं म्हणजे चोरी. ते तो करणार नव्हता. मग उरलं काय तर सकाळचं. नमुन्याचं. इतकी वर्षं रोज खाल्लेलं, झोपेतून उठवलं तरी चव सांगता येईल असं. स्वतःच्या आईचा चेहरा आठवायला कुणी रोज फोटो बघतं का? दुसऱ्या दिवसापासून त्यानं डबा उघडला नाही. संध्याकाळी घरी सांगितलं, केलं कमी. ती त्या रात्री ताटावर बसून पहिल्यांदा पोटभर हसली होती, कशावर ते आता आठवत नाही, कोबीवरच असेल.

आणि मग जग गोड होत गेलं. आधी त्याला वाटलं साखर बदलली. काकडी गोड लागायला लागली, कोबीच्या देठात गोडी निघाली, दुधात इतकी साखर असते हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. बायकोलाही तसंच व्हायचं. "आज कांदा काय गोड निघालाय," ती म्हणायची, आणि दोघं नव्यानं चव फुटल्यासारखी एकमेकांना सांगत बसायची. त्या सगळ्या दरिद्री महिन्यांतली तेवढीच काय ती चैन. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, जीभ शुद्ध होतेय. शुद्ध. तो शब्द त्यानं खिशात घालून कामावर नेला. कारखान्यात प्रत्येक घाणा कणभर जास्त गोड लागायचा. "साखरेचा हात राख," तो पिठवाल्याला म्हणायचा. पिठवाला राखायचा. दोन दिवस बरोबर लागायचं, मग पुन्हा गोड. "अजून राख." आजच्याची तुलना कालच्याशी, कालच्याची परवाशी, आणि सगळ्यांच्या खाली जिथं पाया असतो तिथं एक बंद डबा. माणूस असाच घसरतो. कुणी ढकलत नाही, रोज वीतभर मागं सरकतो आणि म्हणतो, मी आहे तिथंच आहे.

"धाकटे मालक बोलावतायत," पिठवाला शेवटी जवळ येऊन म्हणाला. "मी पण येतोय. मलाही बोलावलंय." चालताना तो मध्येच थांबला. "जीभराव, मी तुमचंच ऐकलं हां. तुम्ही म्हणालात राख, मी राखला. उद्या माझ्यावर नका ढकलू." "ढकलायला काय झालंय?" "गेल्यावर कळेल."

धाकट्या मालकाच्या खोलीत थंड हवा सोडलेली होती आणि टेबलावर तीन बशा, प्रत्येकीवर एकेक वाटी उपडी. कोपऱ्यात दुकानांतून परत आलेल्या पेट्या, एकावर एक, छतापर्यंत नाही पण मान वर करावी लागेल इतक्या. "बसा काका. पायाला काय झालं?" "लागलं." "जपा. बरं, जरा एक काम होतं. सोपंच आहे तुमच्यासाठी." मालकानं वाट्या उचलल्या. तिन्ही बशांत तीच गोल बिस्किटं, तोच काठ, तोच रंग. "सांगा." त्यानं पहिलं कानाशी मोडलं. जिभेवर ठेवलं, तोंड मिटलं. बरोबर. हलकी गोडी, मग लोण्याची, मग पिठाचा भाजका वास. इतकं नेटकं की त्याला स्वतःचा अभिमान वाटला. दुसरं जरा गोडाकडे झुकलेलं, पण चालेल. तिसरं तोंडात गेलं आणि जिभेच्या दोन्ही कडा आत वळल्या. गोडीनं कानशिलात कळ गेली. मागची चव काहीच कळेना, सगळ्यावर नुसती साखर पसरलेली, बाजारू, चिकट, लग्नघरात पोरं रडायची थांबावीत म्हणून हातात कोंबतात तसली. ते त्यानं कसंबसं गिळलं. "हे नाही. हा घाणा परत पाठवा. साखरेचं पोतं फुटलंय ह्यात."

धाकटा मालक पेनच्या टोपणाची उघडझाप करत राहिला. "परत कुणाकडे पाठवू काका?" तो म्हणाला. "तिसरा नमुना आहे. आजोबांच्या मापाचा. पहिला आजचा घाणा. ह्या पेट्या दिसतायत ना, त्या पहिल्याच्या आहेत. दुकानदार म्हणतात, ही बिस्किटं आजाऱ्यांसाठी काढलीत का?" पिठवाला जमिनीकडे बघत होता. त्याच्या पुसलेल्या हातावरचं पीठ नखांच्या कडेला राहिलं होतं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून जीभरावच बोलला, "मला साखर आहे." आजवर त्यानं कारखान्यात हे कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या खुर्चीवर ती जडते त्याच खुर्चीवर बसून ते सांगायला त्याला लाज वाटली होती, जणू चोरी करताना सापडला. धाकट्या मालकानं मान हलवली. "माझ्या सासऱ्यांना पण आहे. आजकाल सगळ्यांनाच असते हो. थोडं कमीजास्त करायचं." "पथ्य केलं," तो म्हणाला. "खाण्यावर आकडा खाली आणला. म्हणून जीभ..." पुढचं वाक्य त्याला सापडेना. म्हणून जीभ सुधारली आणि म्हणून कामातून गेली. असलं वाक्य कुठल्या तोंडानं पुरं करायचं?

"मी वाईट नाहीये काका," धाकटा मालक म्हणाला, आणि तो खरंच वाईट नव्हता, हे आणखी एक. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिवी तरी देता आली असती. "बाबा म्हणतात यंत्र आण. चव मोजणारं येतं. मी म्हटलं, आधी काकांना संधी देऊ. महिनाअखेरपर्यंत घ्या. हा नमुन्याचा डबा घरी न्या, रोज खा, दोनदा खा, तीनदा खा. जीभ जागेवर आणा. आली तर खुर्ची तुमची." "आणि नाही आली तर?" "तर मग... खोली कारखान्याची आहे, तुम्हाला माहीतच आहे. माझ्या हातात असतं तर." त्यानं डबा पुढं सरकवला. तोच पत्र्याचा. झाकणावर म्हाताऱ्याच्या अंगठ्यानं झिजलेली जागा अजून दिसत होती. "पुढच्या वर्षी बिनसाखरेचं काढायचा विचार आहे," तो मागून म्हणाला, "तेव्हा तुमची ही जीभ कामाला येईल बघा." पिठवाला हसला, आणि मग आपण कशाला हसलो असं वाटून खोकला.

परत जाताना खडीच्या पट्ट्यात त्याला चप्पल सापडली. मधोमध, सरळ, पट्टा शाबूत, टोक कारखान्याकडे. लोक तिला वळसा घालून जात होते. पाय तिच्यातून निघून गेला होता आणि ती मात्र आपल्या परीनं कामावर निघालेलीच होती. त्यानं ती घातली. घातलीय की नाही हे बघायला पुन्हा खाली बघावं लागलं. आता हे असंच. आता प्रत्येक पावलाला डोळ्यानं विचारायचं. काखेत डबा होता, आणि पुलावर थांबून त्यानं एकदा नाल्याकडे पाहिलंही, टाकावा का म्हणून. पण टाकून काय होणार होतं? पाय परत येणार नव्हता. जे गेलं ते गेलं, पुढचं वाचवायचं, असं बाई म्हणाल्या होत्या. पुढचं म्हणजे उजवा पाय, डोळे, आत काय काय असतं ते. आणि खोली? ती कुणी वाचवायची? खोली नसली तर तो तराजू कुठं ठेवायचा, मूग कशात भिजवायचे, पथ्य काय फुटपाथवर करतात? काकडी खाऊन हसणाऱ्या त्या चौघांच्या मागं चित्रात एक खिडकी होती आणि खिडकीला पडदा. ते घर कुणाचं होतं हे तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

बायकोनं दार उघडलं, शर्टाकडे हात नेला आणि मग खाली पाहिलं. चपलेतून रुमाल दिसत होता. तिनं शर्ट सोडून दिला. मोरीपाशी स्टूल ठेवलं, घमेल्यात पाणी ओतलं, चुलीवरचं गरम त्यात मिसळलं आणि त्याला बसवून पाय आत सोडायला लावला. रुमाल सुटून वर तरंगला. "हे भोक कशाचं?" "बारीक चूक होती. रस्त्यात गेली." "आणि तुम्ही चाललात तसेच?" "कळलं नाही." ती उकिडवी बसून जखम बघत होती. तिनं वर पाहिलं नाही. "कळलं नाही म्हणजे?" मग त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं कोपर, तार, तीन बशा, पेट्या, महिनाअखेर, खोली. सांगताना नमुन्यापाशी तो थबकला, कारण पुढचं काय येणार हे त्याला दिसत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. "सकाळचं कमी केलं होतं ना," तो म्हणाला, "ते हे." तिचे हात पाण्यात थांबले. "मी सांगितलं होतं ते?" "एक कमी करा म्हणालीस." "मला काय माहीत त्यातलं नेमकं कुठलं?" "तुला काही म्हणतोय का मी?" "म्हणा ना," ती म्हणाली. "म्हणा. तेवढं तरी करा." तिनं मागितलं, त्यानं दिलं. आयुष्यात एकदाच दोघांचं इतकं जमलं होतं.

तिनं पदराला हात पुसले, डबा उघडला, आणि त्याला वाटलं आता फेकते. तिनं एक बिस्कीट काढलं आणि स्वतः चावलं. तिचं तोंड आंबट खाल्ल्यासारखं झालं. "शी. किती गोड." "हो ना?" तो जवळजवळ आनंदानं म्हणाला. अख्ख्या शहरात त्याच्यासारखी जीभ असलेलं एकच माणूस होतं, आणि ते त्याच्या घरात होतं. "लोक हे खातात?" "आपणही खात होतो." तिनं उरलेला तुकडा हातात फिरवला आणि तराजूकडे पाहिलं. उठून तो तुकडा तराजूत ठेवला, काटा बघितला, ओठ हलवत हिशोब केला. "मूग निम्मे," ती म्हणाली. "दूध बंद. संध्याकाळची चालायची फेरी दुप्पट करायची." मग तिच्या लक्षात आलं की फेरी ह्या पायानं मारायची आहे. ती तशीच तराजूपाशी उभी राहिली. बसचा आवाज आला आणि गेला. "माझ्यासमोर खा," ती म्हणाली. "चोरून नको. जे काय व्हायचंय ते माझ्यासमोर होऊ दे."

पहिलं त्यानं कसंबसं गिळलं. दुसऱ्याला कानशिलात कळ आली. "गोड?" ती विचारायची, आणि तो मान हलवायचा, गोड. तिसऱ्यालाही गोड. चौथं तोंडात असताना त्याला म्हाताऱ्याचा गुद्दा आठवला, तो घोगरा आवाज, आणि जिभेच्या मागं, घशाच्या दाराशी, काहीतरी ओळखीचं हललं. त्याला ते नको होतं. इतके महिने कोबीच्या देठात शोधून शोधून काढलेली ती बारीक गोडी, कांद्याची, दुधाची, दोघांनी मिळून जमवलेली, ती ह्या साखरेखाली बुडत चालली होती आणि बुडताना कळतही होती. पाचव्याला कळ आली नाही. साखरेखालून लोणी वर आलं, मग भाजका वास, एकामागून एक, शिस्तीत, जुनी माणसं कामावर हजर व्हावीत तसे. त्यानं तोंड मिटलं आणि थांबला. बायको समोर उभी होती, पिठवाला उभा राहायचा तशी, हात पुसत.

"काय?" ती म्हणाली.

त्याला खोटं बोलता आलं असतं. "बरोबर," तो म्हणाला.

तिनं डब्याचं झाकण लावलं. स्वैपाकाच्या फळीवर घासूनपुसून ठेवलेला साखरेचा रिकामा डबा होता, तो बाजूला सारला आणि त्या जागी हा ठेवला. मग चुलीवरच्या कढईतलं गरम पाणी तांब्यात घेतलं, परत येऊन त्याच्या पायाशी बसली आणि तांब्या घमेल्यावर धरला. "ओतू? फार गरम नाही ना?" तांब्यातून वाफ निघत होती. त्यानं पायाकडे पाहिलं, पाण्याखाली तो पांढरा, फुगलेला, निवांत पडला होता.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "तू हात घालून बघ."

तिनं तांब्या खाली ठेवला, पाण्यात हात घातला, आणि काढला नाही.